महीच्या कड्याला विचारा, जमीन हलते का

बडोद्याहून पश्चिमेला सिंधरोटच्या रस्त्याने मही नदीकाठी गेलं की सपाट शेतं एकाएकी संपतात आणि घळींचं जाळं सुरू होतं. इथले लोक त्यांना 'कोतरं' म्हणतात. पात्रात उतरून मागे वळून पाहावं, तर गाळाचा उभा कडा दिसतो. महीकाठी असे कडे काही ठिकाणी २५-३० मीटर, म्हणजे आठ-दहा मजले उंच आहेत. कड्यात गोट्यांचे, वाळूचे, लालसर मातीचे थर आणि चुनखडीच्या गाठी. हा गाळ बहुतेक महीनेच पसरला. मग पसरवणारी नदी तोच चिरू का लागली?

संशयित तीन. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेला होता, पाऊसमान बदललं होतं. किंवा जमीनच वर उचलली गेली. एकटा समुद्र कारण असता, तर किनाऱ्यापासून आत जावं तसा परिणाम ओसरायला हवा. पण नद्यांची काटकोनी वळणं खडकांच्या नकाशावरील भ्रंशरेषांशी, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या रेषांशी, जुळू लागली, तर जमिनीवरचा संशय बळावतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठातले भूवैज्ञानिक मही, नर्मदा, ओरसंग आणि कच्छमध्ये कित्येक वर्षं हीच जुळवाजुळव करत आले आहेत.

नर्मदेकाठी पुरावा ठळक आहे. दक्षिणेला झगडिया-राजपिपळ्याकडे बेसाल्टचे डोंगर उठतात, उत्तरेला गाळाचं मैदान पसरतं. मधून जातो नर्मदा-सोन भ्रंश. १९७०चा भरूचचा (५.४ तीव्रता) आणि १९९७चा जबलपूरचा भूकंप याच पट्ट्यातले.

पण भूकंपमापक असताना कडे कशाला वाचायचे? त्यांच्या नोंदी जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांच्या. एखादा भ्रंश हजारो वर्षं गप्प बसू शकतो. शिवाय प्रत्येक भूकंप खूण ठेवतोच असं नाही. १८१९ साली कच्छमध्ये भूकंपात जमीन उचलली जाऊन 'अल्लाहबंद' हा लांबलचक बांध उभा राहिला. २००१च्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपात मात्र मूळ भ्रंश जमिनीवर स्पष्ट फुटलाच नाही. अशा धक्क्यांची हजारो वर्षांची बेरीज नदीच्या वळणांत, गाळाच्या पायऱ्यांत उरते.

महीकाठची कोतरं शेतीसाठी सपाट केली जातात. शेतकऱ्याला जमीन हवी, हे खरंच; पण एकदा यंत्र फिरलं की थर पुन्हा वाचता येत नाहीत. म्हणून आधी नकाशा, मग नांगर.