रिकाम्या तारेची झोप

परळीच्या औष्णिक वीजकेंद्रातले संच २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. खडका बंधाऱ्यात पाणी नाही म्हणून वीज नाही, हा हिशेब आमच्या बीड जिल्ह्यात शाळकरी पोरालाही कळतो. म्हणूनच पतसंस्थेत, तहसील कचेरीत, शाळेच्या संगणक कक्षात रात्रभर तेवणारे नेटवर्क स्विचचे हिरवे दिवे दिसले की मला वर्षानुवर्षं एकच प्रश्न पडत आला आहे. कुणीच काही पाठवत नसताना संगणक जोडणारी ही तार वीज कशाला खाते?

ही गिगाबिट इथरनेटची तार मुळात कधी गप्प बसतच नाही. माहिती नसली तरी तिच्या चारही जोड्यांवरून, दोन्ही दिशांनी, सेकंदाला साडेबारा कोटी चिन्हं धावत असतात. दोन टोकांचा ताल सुटू नये म्हणून. त्यामुळे राबणाऱ्या आणि रिकाम्या पोर्टच्या वीजखर्चात फारसं अंतर राहत नाही.

पोर्टलँड स्टेट विद्यापीठातल्या मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग यांनी २००३ साली मांडलं की काम नसेल तेव्हा जाळ्यातली यंत्रं झोपवावीत. पुढचा प्रवास मात्र वेगळ्या वाटेनं झाला. फ्लोरिडातले केन क्रिस्टनसन आणि लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतले ब्रूस नॉर्डमन यांचं म्हणणं होतं, झोपवू नका, वेग उतरवा; गर्दी नसेल तेव्हा तार गिगाबिटवरून शंभर मेगाबिटवर आणा. इथरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईईईच्या ८०२.३ समितीत २००६ साली अभ्यासगट बसला तो या कल्पनेच्या बळावर. पण वेग बदलायचा तर दोन्ही टोकांना नव्यानं जुळवून घ्यावं लागतं, त्यात मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात माहितीची पॅकेटं तुंबतात. मग इंटेलनं दुसरा मार्ग पुढे केला: वेग पुरा ठेवा, काम झपाट्यानं उरका आणि झोपा. म्हणजे घूमजाव होऊन गाडी पुन्हा झोपेवरच आली! सप्टेंबर २०१० मध्ये ८०२.३एझेड मानक मंजूर झालं ते याच रूपात.

मला भावतं ते पुढचं. ज्यांची कल्पना मागे पडली त्या दोघांनीच सहकाऱ्यांसह त्या मानकाची वाटचाल लिहून काढली आणि त्यातली उणीवही उघड मांडली. संशोधनात एवढा मोकळेपणा विरळा.

उणीव आकड्यांतच आहे. गिगाबिट तारेला झोपायला १८२ मायक्रोसेकंद लागतात, जागं व्हायला साडेसोळा. मोठ्यातलं मोठं पॅकेट मात्र जेमतेम १२ मायक्रोसेकंदांत निघून जातं. सेकंदाला पाच हजार पॅकेटं सुटी सुटी, सारख्या अंतरानं आली, तर तार अवघी सहा टक्के भरते, पण झोप जवळपास शून्य. यावर त्यांनीच तोड सुचवली: पॅकेटं थोडी साठवा आणि एकदम सोडा. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय निघत नाही, तसं. उशीर होतो, पण कचेरीतल्या कामाला तो जाणवणारही नाही.

ध्वनियंत्रणेला मात्र असा उशीर चालत नाही. दान्ते हे ध्वनिजाळं वापरणाऱ्यांना तर ही झोपेची सोय बंदच ठेवायला सांगतात, आणि ते रास्तच आहे. मात्र त्या धास्तीनं साध्या कचेरीतही ती बंद ठेवण्याची रीत मला पटत नाही. ती चालू ठेवायची तर खरेदीच्या वेळी स्विचइतकंच संगणकाच्या नेटवर्क कार्डाकडेही पाहायला हवं. दोन्ही टोकांना ही सोय असून चालू असेल, तरच तार झोपते.