सायकलीचा टायर कसा निवडावा

बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव असते. तिच्यामुळें चाक टिकतें, पण गाडींत बसणाराचीं हाडें खिळखिळीं होतात. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवा भरलेली रबरी नळी बसविली व १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून सायकलस्वार हवेवर बसून फिरूं लागला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील टॅमल्पाइस डोंगरावर कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन उतरूं लागले आणि त्यांतून डोंगरी सायकल जन्मास आली. आज ती साताऱ्यासांगलीच्या मुलांच्याही हातीं आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्यापैकीं एक जण यवतेश्वराचा घाट उतरतांना वळणावर घसरला व हाताचें हाड मोडून घेता झाला. टायर नवे होते, त्यांवर रबराचे उंच उंचवटे होते, आणि हवा दगडासारखी घट्ट भरलेली होती. मग घसरला कां? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें आम्हांस समजलें, तें येथें सांगत आहों.

प्रथम हवेचा विचार करूं. सायकल व स्वार मिळून ६० किलो वजन असेल, तर मागील चाकावर सुमारें ३६ किलो, म्हणजे ८० पौंड भार येतो. टायरांत दर चौरस इंचास ४० पौंड हवा असेल, तर सुमारें २ चौरस इंच रबर जमिनीस टेकतें. २० पौंड असेल, तर सुमारें ४ चौरस इंच. हवा कमी केली कीं पकड वाढते ती यामुळें. परंतु ती फारच कमी केली, तर दगडावर आदळतांच ट्यूब रिमखालीं चिरडून पंक्चर होते. टायराच्या कडेवर हवेची मर्यादा छापलेली असते, तिच्याबाहेर जाऊं नये. टायर रुंद असेल, तर कमी हवेंतही रिम सुरक्षित राहते. डोंगरी सायकलीस दोन इंचांहून रुंद टायर देतात तो याच कारणानें.

आतां उंचवटे. मऊ मातींत व सुट्या मुरुमांत ते रुततात आणि चाकास आधार देतात. डांबरावर मात्र रुतण्यास जागाच नसते. तेथें केवळ त्यांचीं टोकें टेकतात व वळतांना तीं वांकतात. गुळगुळीत दिसणारा रुंद टायर ओल्या डांबरावर अनेकदां अधिक विश्वासू ठरतो, हें ऐकून पालकांस नवल वाटेल. पण आमच्या मित्राच्या हातानें तो धडा आम्हांस दिला आहे. शिवाय उंच उंचवटे रस्त्यावर चालवितांना दम काढतात. रबराचाही गुण पहावा: मऊ रबर चांगलें धरतें, पण लवकर झिजतें, कठीण रबर टिकतें, पण ओल्या खडकावर निसटतें.

१९४९ सालीं साताऱ्यांतून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. जमिनीची वाटणी मात्र जिल्ह्यांच्या सीमा पाहून झालेली नाहीं. कास पठाराकडे कठीण जांभा आहे. तेथें मऊ रबर, रुंद टायर व बेताची हवा उपयोगी. (फुलांच्या पठारावर मात्र ठरलेली वाट सोडून चाक घालूं नये.) कृष्णाकांठच्या काळ्या मातीचा न्याय निराळा. पावसांत ती उंचवट्यांमध्यें भरून बसते व चाक जणूं चिखलाचा गोळा होतें. तेथें थोडा अरुंद व विरळ उंचवट्यांचा टायर चिखल झाडून टाकतो. बाभळीच्या कांट्यांच्या वाटेवर ट्यूबशिवाय चालणारा, आंत भोक बुजविणारा द्रव घातलेला टायर बरा. पण त्यास साजेशी रिम हवी.

दोन्ही चाकांस एकच टायर पाहिजे असें नाहीं. पुढचें चाक निसटलें कीं स्वार पडतोच. मागचें निसटलें, तर बहुधा सांवरतां येतें. म्हणून अधिक पकडीचा टायर पुढें व हलका धांवणारा मागें लावावा.

खरेदीच्या वेळीं मापाची चूक फार होते. २६ × २.१० आणि २६ × १ ३/८ हे दोन्ही टायर '२६ इंची' म्हणून मागितले जातात, पण पहिला ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, दुसरा ५९० च्या. जुन्या टायराच्या कडेवर ५४-५५९ असा आंकडा असतो, तो कागदावर उतरून दुकानांत न्यावा. पैसे वांचतील.

शाळेची वाट बहुतेकांस डांबरीच आहे. ज्यांस रविवारीं डोंगर व इतर दिवशीं शाळा, त्यांनीं मध्यभागीं बुटके व दाट आणि कडेस उंच उंचवटे असलेला टायर घ्यावा. टायराच्या कडेस भेगा पडल्या वा आंतील धागे दिसूं लागले, तर तो टायर त्याच दिवशीं काढावा. नव्या टायराची किंमत मोडलेल्या हाडाच्या औषधोपचाराहून कमीच पडते, हें पालकांनीं ध्यानीं ठेवावें. आणि सायकल घेऊन बाहेर पडण्यापूर्वीं दोन्ही टायर आंगठ्यानें दाबून पहावे, हें मुलांनीं.