मेळघाटचे मूल, ०.७ सेंटिमीटर आणि एक परवाना

पावणेदोन वर्षांचे मूल लांबी मोजायच्या फळीवर मुकाट्याने आडवे पडून राहील, अशी अपेक्षा कोणतीही अंगणवाडी सेविका ठेवत नाही. ते रडते, पाय झाडते. शेवटी त्याला उभे करूनच मोजावे लागते.

उभ्याने मोजलेले मूल आडव्यापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे : दोन वर्षांखालच्या मुलाला उभ्याने मोजले तर ०.७ मिळवा, दोन वर्षांवरच्याला आडवे मोजले तर तेवढेच वजा करा. मिळवायचे राहून गेले की मूल कागदावर बुटके होते आणि त्या उंचीला त्याचे वजन बरे दिसू लागते. सीमारेषेवरचे ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित मूल अशाने ‘मॅम’मध्ये, मध्यम कुपोषितांत सरकते. ज्याला उपचार केंद्रात न्यायचे, ते घरीच राहते. धारणी-चिखलदऱ्यात याचा अर्थ काय होतो, हे अमरावती जिल्ह्याला सांगायला नको.

आता ही आकडेमोड संगणक करतो. मागचे गणित किचकट आहे. २००६ साली आलेली वाढीची मानके भारतासह ६ देशांतल्या सुमारे ८,५०० मुलांवर बेतलेली आहेत. आपल्याकडची मुले दक्षिण दिल्लीतली होती. तेवढ्याच उंचीच्या निरोगी मुलांच्या मध्यापासून आपले मूल किती दूर आहे, हे ‘झेड-स्कोअर’ सांगतो. वजनाचा हा आकडा उणे ३ च्या खाली गेला की तीव्र कुपोषण. पायांवर सूज असेल तर वजनावर विसंबून चालत नाही, तो हिशेब वेगळा.

प्रत्येकाने हे सगळे नव्याने लिहिण्याची गरज नाही. संघटनेने ‘आर’ या संगणकभाषेत ‘अँथ्रो’ नावाची लायब्ररी खुली केली आहे. लायब्ररी म्हणजे तयार सूत्रांचा संच. दुसरे प्रोग्राम त्याच्याकडून काम करून घेतात. ०.७ चा नियम त्यात आहे, सुजेचाही आहे. पैसे पडत नाहीत. पण फुकट म्हणजे बिनअटी नव्हे, आणि वाचायची राहते ती नेमकी अटच.

अँथ्रोचा परवाना ‘जीपीएल’ आहे. हा परवाना विरजणासारखा समजावा. शेजारणीकडून आणा, दही लावा, हवे तर विकासुद्धा; मात्र दही ज्याला दिले त्याने कृती मागितली तर ती दिली पाहिजे, आणि त्यानेही ती पुढे द्यायला आडकाठी करायची नाही. म्हणजे, अँथ्रोत बदल करून किंवा ती आत घालून केलेले ॲप कोणी सेविकांच्या मोबाइलवर दिले, तर ज्यांना ते मिळाले त्यांना त्याचा मूळ कोड मागण्याचा हक्क आहे. रुग्णालयाने आपल्यापुरते वापरले तर कोड जाहीर करायचे बंधन नाही. प्रोग्राम कंपनीच्याच सर्व्हरवर राहिला आणि आपल्याला फक्त उत्तरे मिळाली, तरीही नाही. ही फट बुजवायला ‘एजीपीएल’ हा वेगळा परवाना आहे. आरोग्याच्या ॲपला खरे तर तो अधिक शोभतो.

‘एमआयटी’ आणि ‘अपाची’ हे परवाने सैल आहेत. मूळ लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर ठेवा. बदललेला कोड झाकून ठेवला तरी चालते. २०२० च्या मे महिन्यात ‘आरोग्य सेतू’चा अँड्रॉइड कोड खुला झाला, तो अपाची परवान्याखाली. कोडसोबत कोणताच परवाना नसेल तर तो कोणीही वापरावा, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. परवानगी नसेल तर सगळे हक्क लेखकाचे.

या सगळ्या परवान्यांत एक कलम मात्र सारखेच असते : चूक निघाली तर लेखक जबाबदार नाही. डॉक्टरांना ते खटकते, आणि रास्तच आहे. पण बंद सॉफ्टवेअरच्या करारातही बहुधा असेच कलम असते. फरक इतकाच की खुल्या कोडमधली चूक अमरावतीचा एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थीसुद्धा शोधून दुरुस्त करू शकतो.

मेळघाटातली कोरकू कुटुंबे कामासाठी अकोटकडे उतरतात, काही गावांचे तर पुनर्वसनच अकोला जिल्ह्यात झाले. तेच मूल महिन्याभरात दोन जिल्ह्यांत, दोन वेगळ्या प्रोग्राममध्ये मोजले जाऊ शकते. ॲप पसंत करण्याआधी पाच मिनिटांत होणारी एक तपासणी आहे. वय २२ महिने घालावे, वजन-उंची तीच ठेवावी, एकदा ‘आडवे’ आणि एकदा ‘उभे’ निवडावे. दोन्ही वेळा झेड-स्कोअर तंतोतंत सारखाच आला, तर ०.७ त्या गणितात कुठेच नाही, आणि मग पुढचा प्रश्न कोड दाखवण्याचा.