किहीमचा हिवाळा आणि प्रवासाचा बेत



हिवाळ्यांत चार दिवस हवापालट करण्यासाठीं मुंबईकर कुटुंबें किहीमला जातात, तेव्हां त्यांच्या बेताचा आधार बहुधा एकच असतो, तो म्हणजे नाताळची सुटी. हवेचा विचार होतो तो इतकाच कीं, पावसाळा संपला आहे. परंतु कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ या किनाऱ्यावर एकसारखा नसतो. घरांत दम्याचें माणूस किंवा तान्हें मूल असेल तर कोणत्या पंधरवड्यांत जावें हा प्रश्न सुटीच्या सोयीपेक्षां अधिक महत्त्वाचा आहे.

दिवाळीनंतरचे दिवस दिसावयास फार सुंदर. पण अरबी समुद्र तोंवर पुरता निवळलेला नसतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं फयान वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलें. २०१७ च्या डिसेंबरच्या आरंभीं ओखी वादळामुळें मुंबईस ऐन हिवाळ्यांत पाऊस झाला. अशीं वादळें दरवर्षीं येतात असें नव्हे. तथापि या काळांत हवामानखात्याचें किनाऱ्यासाठींचें भाकीत पाहिल्यावांचून घर सोडूं नये.

खरी थंडी डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत. ती येते मात्र फार दुरून. भूमध्य समुद्राकडे उत्पन्न होणारे कमी दाबाचे पट्टे इराणवरून सरकत काश्मीर-पंजाबांत येतात आणि तेथें पाऊस व बर्फ पाडतात. यांनाच पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ते पुढें सरकले कीं, त्यांच्या मागोमाग उत्तरेचे थंड, कोरडे वारे महाराष्ट्रापर्यंत उतरतात. म्हणून हिमालयांत बर्फ पडल्याची वार्ता आली कीं दोन-चार दिवसांनीं कोंकणांत थंडी वाढण्याचा संभव असतो. अर्थात् पुण्यास जेथें जानेवारींत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत जातो, तेथें समुद्राच्या उबेमुळें किहीमची पहाट पांच-सहा अंशांनीं तरी सौम्य असते.

पण सरासरीच्या आंकड्यांवर फार विसंबूं नये. किहीमचा दिवस दोन वाऱ्यांनीं वांटून घेतलेला आहे. रात्रीं जमीन समुद्रापेक्षां लवकर निवते, आणि जमिनीवरून पाण्याकडे वारा वाहूं लागतो, हा मतलई. तो कोरडा असून पहाटे बोचतो. दहा-अकराच्या सुमारास जमीन तापली म्हणजे वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. तेव्हां दम्याच्या माणसानें पहाटेचें फिरणें सोडून उन्हें वर आल्यावर बाहेर पडावें, हें बरें. सूर्योदयाबरोबर वाळूंत गेलेंच पाहिजे, हा आग्रह आम्हां शहरवासीयांनाच फार! उलटपक्षीं मांडव्याची जलयात्रा सकाळींच करावी. दुपारनंतर वायव्येच्या वाऱ्यानें पाणी खवळतें, आणि ज्यांना बोट लागते त्यांची परतीची फेरी हालाची होते.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून वेगळाच त्रास संभवतो. पूर्वेचा उष्ण वारा जोरांत असला म्हणजे खारा वारा उशिरा येतो, आणि तो येईपर्यंत ऊन असह्य होतें. मार्चमध्यें थंड हवेच्या आशेनें तेथें जाणें मला तरी शहाणपणाचें वाटत नाहीं.

आतां भरती-ओहोटी. किहीमला उतरलेलीं माणसें अलिबागचा कुलाबा किल्ला पाहावयास जातात. ओहोटीस तेथें चालत जातां येतें. पण परतावयास उशीर केला तर वाट पाण्याखालीं जाते आणि जिवावर बेतूं शकतें. कोंकणांतील जुना हिशेब सोपा आहे : पक्षांतील तिथीला तिनानें गुणून चारानें भागावें, म्हणजे भरतीची स्थूल वेळ येते. चतुर्थीस ३ वाजतां भरती, अर्थात् सकाळीं ९ च्या सुमारास सुकती. अष्टमीस सुकती दुपारीं १२ ला येते खरी, पण ती भांगाची. पाणी थोडेंच हटतें व वाट पुरती कोरडी होईलच असें नाहीं. म्हणून तृतीया-चतुर्थीची सकाळ उत्तम. हा हिशेब केवळ बेत आंखण्यापुरता घ्यावा. पाण्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं त्या दिवसाचें छापील कोष्टक पाहावें, आणि सुकती होऊन गेल्यावर किल्ल्यांत रेंगाळूं नये.

पक्षिप्रेमी श्रोत्यांसाठीं एक सूचना. डॉ. सलीम अली यांनीं सुगरण पक्ष्यांचा प्रसिद्ध अभ्यास १९३० मध्यें किहीमलाच केला. तें वाचून कोणी डिसेंबरांत घरटीं विणणारे पक्षी शोधूं लागेल तर त्यास जुनीं, रिकामीं घरटींच दिसतील. सुगरणीचा हंगाम पावसाळ्याचा. हिवाळ्यांत पाहावे ते वाळूवर उतरलेले उत्तरेचे पाहुणे, कुरव आणि तुतवार. सुगरणीसाठींच जावयाचें असेल तर गेटवेच्या लाँचा पावसाळ्यांत बंद असतात हें ध्यानांत ठेवून, भाऊच्या धक्क्यावरून २०२० मध्यें सुरू झालेल्या मोटारवाहू बोटीची किंवा पेणवरून जाणाऱ्या सडकेची चौकशी आधीं करावी.