वजन किती आणि कोणत्या ॲक्सलवर?

मालट्रकचे वजन रस्त्यावर उतरते ते ॲक्सलमधून. त्यामुळे हौद्यात एकूण माल किती, याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: एकेका ॲक्सलच्या वाट्याला किती टन आले आणि दोन ॲक्सलमध्ये अंतर किती. पहिलीवर रस्त्याचे आयुष्य ठरते, दुसरीवर पुलाचे.

भारतात या मर्यादा जुलै २०१८ मध्ये वाढवण्यात आल्या. दोन टायरच्या ॲक्सलला ६ ऐवजी ७ टन, चार टायरच्या ॲक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन, लगतच्या दोन ॲक्सलच्या जोडीला १९ ऐवजी २१ टन आणि तिहेरी जोडणीला २४ ऐवजी २७ टन. म्हणजे सहाचाकी ट्रकचे मालासह वजन १८.५ टनांपर्यंत आणि दहाचाकीचे २८ टनांपर्यंत चालते. चार टायरचे दोन ॲक्सल लांब लांब असतील, तर मिळून २३ टन पेलू शकतात. तेच शेजारी आले की २१. तिसरा जोडला, तर ३४.५ नव्हे, २७ टनच. ॲक्सल जवळ आले की त्यांचा भार रस्त्याच्या आणि पुलाच्या एकाच तुकड्यावर पडतो, हे त्यामागचे कारण.

रस्त्याची झीज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या झाल्या. ॲक्सलचे वजन दुप्पट झाले की नुकसान साधारण सोळा पट होते, असे त्यातून दिसले. भारतात रस्त्याची जाडी ठरवताना ८.१६ टनांचा ॲक्सल प्रमाण मानतात. या हिशेबाने ११.५ टनांचा एक ॲक्सल जवळपास चार प्रमाण ॲक्सलइतका रस्ता खातो आणि १५ टनांचा अकराहून अधिक. साडेतीन टनांचे जादा भाडे एकाला मिळते. खड्ड्यांची किंमत मात्र सगळा जिल्हा मोजतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न ऊस गळीत हंगामात तीव्र होतो. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला; पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी या पट्ट्यांत कारखाने वाढले. टायरगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ट्रक अशा तिन्हींतून ऊस येतो. ऊस लांब आणि हलका, म्हणून तो उंच रचला जातो आणि हौद्याच्या मागेही बाहेर येतो. धोका नेमका तिथे आहे. पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ५ मीटर अंतर असलेल्या ट्रकमध्ये मागच्या ॲक्सलच्या २ मीटर मागे एक टन ऊस लोंबत असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर १.४ टन वाढतात आणि पुढच्यावरचे ०.४ टन कमी होतात. मागचे टायर आणि पाटे दबतात, पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड सुटू लागते. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

पुलांचा हिशेब वेगळा. प्रवरा आणि मुळा कालव्यांवरच्या छोट्या मोऱ्यांचा गाळा आखूड असतो. त्यावर एका वेळी ट्रकचे एक-दोन ॲक्सलच मावतात, म्हणून तिथे शेजारच्या ॲक्सलचे वजन आणि अंतर निर्णायक ठरते. नदीवरच्या लांब गाळ्यावर अख्खे वाहन येते, तिथे एकूण वजन महत्त्वाचे. म्हणून भारतीय पुलांच्या आराखड्यात ‘७०-आर’ नावाचे काल्पनिक चाकी वाहन धरतात: सात ॲक्सल, १३.४ मीटरवर पसरलेले १०० टन. याच वर्गात ७० टनांचे साखळीपट्ट्याचे वाहनही आहे. त्याचा प्रत्येक पट्टा ४.५७ मीटर जमिनीला टेकतो. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला असल्याने इथे हे आकडे कागदापुरते नाहीत. अर्जुन रणगाडा ५८ टनांहून जड आहे, आणि रणगाडा ट्रेलरवर चढवला की सर्वसाधारण ट्रेलरची ५५ टनांची कमाल मर्यादा मागे पडते. असा भार अनेक ॲक्सलवर वाटावाच लागतो.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही वाहनधारकावरच पडतो. कारखान्याच्या काट्यावर मात्र बिलापुरते एकूण वजन घेतले जाते. ॲक्सलचे वजन त्याच काट्यावर कळू शकते: जागा सपाट असेल, तर आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यायची, मग पूर्ण ट्रक. दोन्ही आकड्यांतली वजाबाकी म्हणजे मागच्या ॲक्सलवरचा भार.