उडती टॅक्सी : विजेवर चालते म्हणून पर्यावरणपूरक?

'भविष्यातील वाहतूक' असा विषय दिला की वर्गात कुणीतरी उडत्या टॅक्सीचं चित्र काढतंच. खाली हमखास ओळ असते, 'विजेवर चालते, प्रदूषण होत नाही.' शिक्षक मित्रांनो, पालकांनो, या ओळीवर जरा थांबूया आणि मुलांना हिशोब करायला लावूया.

ही टॅक्सी हेलिकॉप्टरसारखी जागेवरून सरळ वर उठते. या उठण्या-उतरण्यात वीज सपाट्याने खर्च होते. पंखांच्या आधाराने पुढे जाऊ लागली की खर्च बराच कमी होतो. म्हणून प्रश्न अंतराचा आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ आणि फोर्ड कंपनीच्या संशोधकांनी 2019 मध्ये हे गणित मांडलं. 100 किलोमीटरच्या प्रवासात चालकासोबत तीन प्रवासी असतील, तर दर प्रवाशामागे हरितगृह वायू पेट्रोलच्या मोटारीपेक्षा 52 टक्के कमी. विजेवरच्या मोटारीपेक्षा मात्र फक्त 6 टक्के कमी! आणि 35 किलोमीटरच्या आत, दोन्हींत एकेकटाच माणूस असेल, तर पेट्रोलची मोटारच सरस ठरली.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. 2023 मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला सात मिनिटांत नेणाऱ्या टॅक्सीची योजना जाहीर झाली. अंतर साधारण 27 किलोमीटर, प्रवासी चार. याच मार्गावर मेट्रो धावते, तीही विजेवरच, हजारोंना घेऊन. शिवाय आपली निम्म्याहून बरीच अधिक वीज कोळशाची. धूर दिल्लीत नाही निघाला तरी वीजकेंद्राजवळ निघतोच. चंद्रपूरच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न माणसांचा. पॅरिसमध्ये 2024 च्या ऑलिम्पिकवेळी अशी सेवा सुरू करायची होती. एक चालक, एक प्रवासी! शहराच्या प्रशासनाने विरोध केला, वेळेत प्रमाणपत्रही मिळालं नाही. ऑलिम्पिकमध्ये तिकीट काढून कुणी उडालं नाही. मला तो विरोध रास्त वाटतो. भाडं परवडणारा वरून जाणार, आवाज सोसणार खालचा.

मग विजेचं उड्डाण निरुपयोगीच का? तसं नाही. 2021 मध्ये मणिपूरला आयसीएमआरने लोकटक सरोवरातल्या करांग बेटावर ड्रोनने लस पोहोचवली. रस्त्याने 26 किलोमीटर आणि पुढे होडी. हवेतून 15 किलोमीटर, काही मिनिटांत. प्रवासी एकही नाही, फायदा अख्ख्या बेटाला. दिल्ली आणि करांग ही दोन उदाहरणं फळ्यावर शेजारी लिहा आणि मुलांना वाद घालू द्या.