बालकाचा नकार आणि स्वच्छतेचे वळण : हिरकणीवाडीच्या संदर्भात

दोन ते चार वर्षांच्या मुलाने स्नान, दात घासणे, केस विंचरणे किंवा नखे कापणे ह्यांस निकराने नकार द्यावा, ही घरोघरची गोष्ट होय. वडीलधारी माणसे तिला ‘हट्ट’ हे एकच नाव देतात व तिच्यावर बहुधा एकच उपाय सांगतात. वस्तुतः ह्या एका नावाखाली भिन्न कारणांचे तीन प्रकार एकत्र आलेले असतात. प्रकार न ओळखता केलेला उपाय नकार ढिला करण्याऐवजी पुष्कळदा पक्का करतो. प्रस्तुत लेखात ह्या प्रकारांची फोड करून एका विशिष्ट मुलखाच्या परिस्थितीत त्यांचा विचार केला आहे.

हिरकणीवाडी ही महाड तालुक्यातील, रायगडाच्या पायथ्याची वस्ती. तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्री गडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणी गवळणीच्या आख्यायिकेशी तिचे नाव जोडलेले आहे. १९९६ साली सुरू झालेल्या रज्जुमार्गाचे पायथ्याचे स्थानक येथेच आहे. ह्या मुलखात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तथापि ते पाणी डोंगरउतारांवरून वाहून जाते आणि महाड-पोलादपूरकडील अनेक वाड्यांना चैत्र-वैशाखात टंचाई सोसावी लागते. जेथे पाणी हंड्या-कळशीने आणावे लागते, तेथे मुलाच्या नकाराने केवळ वेळ जात नाही. चुलीवर तापवलेले पाणी निवते, सांडले तर दुसरे मिळत नाही, आणि आईला कामावर निघण्याची घाई असते. अशा घरातील आईची अधीरता हा स्वभावदोष नव्हे, तो परिस्थितीचा परिणाम होय. पाण्याची व वेळेची ही ओढाताण ज्या उपदेशात जमेस धरलेली नाही, तो उपदेश निरुपयोगी ठरतो.

पहिला प्रकार दुःखमूलक किंवा भयमूलक नकाराचा. साबण डोळ्यांत गेलेला असतो, गुंतलेल्या केसांतून फणी ओढलेली असते, दाढ किडलेली असते, अथवा डोक्यावर अवचित पाणी ओतल्याने श्वास कोंडलेला असतो. शौचाच्या बाबतीत तर दुष्टचक्रच तयार होते. बद्धकोष्ठामुळे एकदा वेदना झाली की मूल शौच रोखून धरते, रोखल्याने मळ अधिक कठीण होतो व पुढची वेदना अधिक तीव्र होते. ह्या प्रकाराची खूण अशी की नकार संपूर्ण क्रियेला नसून तिच्यातील एखाद्या क्षणाला असतो. मूल मोरीत आनंदाने बसते, पाण्यात खेळते आणि तांब्या डोक्याकडे जाताच किंचाळते. येथे शिस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. वेदनेचे कारण शोधून दूर करावयाचे असते.

दुसरा प्रकार स्वत्वमूलक नकाराचा. एरिक एरिक्सन ह्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात साधारण दीड ते तीन वर्षांच्या अवस्थेला ‘स्वायत्तता विरुद्ध लज्जा व संशय’ असे संबोधले आहे. ह्या वयात मुलाला चालणे, धरणे, सोडणे साधू लागते आणि आपल्या शरीरावर आपली सत्ता आहे, हा शोध लागतो. स्वच्छतेच्या सर्व क्रिया नेमक्या शरीरावरच होत असल्याने संघर्षाचे पहिले रणक्षेत्र मोरी हेच ठरते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) ह्यांनी तीन वर्षांच्या वयातील पेचाचे विवेचन करताना केलेला एक भेद येथे उद्बोधक आहे. नकारवृत्तीत मूल त्या कृतीला विरोध करीत नाही, ती सांगणाऱ्या व्यक्तीला विरोध करते. स्वतःला हवी असलेली गोष्टही केवळ दुसऱ्याने सुचविली म्हणून ते नाकारते. अशा वेळी आज्ञेचा जोर वाढविणे म्हणजे विरोधाचे कारणच वाढविणे होय. येथे मुलाला मर्यादित निवड देणे हा उपाय संभवतो. दात घासावयाचे की नाही, हा प्रश्न विचारू नये. आधी वरचे घासावयाचे की खालचे, एवढाच विचारावा. ब्रश प्रथम मुलाच्या हाती द्यावा व शेवटचा हात मोठ्या माणसाने फिरवावा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला पुरेसे कौशल्य आलेले नसल्याने ही वाटणी दंतवैद्यकाच्या दृष्टीनेही योग्य आहे. शौचाच्या सवयीबाबत टी. बेरी ब्राझेल्टन ह्यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदींवरून मांडलेले, मुलाच्या तयारीची वाट पाहण्याचे तत्त्व ह्याच विचाराशी जुळते.

तिसरा प्रकार लाभमूलक नकाराचा. रडणे थांबावे म्हणून आई हात धुण्याचा आग्रह सोडते. मुलाला नकाराचे फळ मिळते आणि आईलाही शांततेचे. दोघांचीही वर्तने त्यामुळे दृढ होतात. जेरल्ड पॅटरसन ह्यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात कुटुंबातील ह्या परस्पर-सक्तीचे विस्तृत वर्णन केले आहे. त्यातही दहापैकी दोनच वेळा माघार घेणारे घर मुलाला अधिक चिवट बनविते. कारण अधूनमधून मिळणाऱ्या फळाने जडलेले वर्तन सहजी विझत नाही, हे फर्स्टर व स्किनर ह्यांच्या १९५७ च्या प्रबलनविषयक संशोधनापासून सुपरिचित आहे. म्हणून येथे नियम थोडे असावेत आणि ते आई, आजी व वडील ह्या सर्वांनी सारखे पाळावेत.

हे प्रकार एकमेकांत मिसळतात, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. वेदनेमुळे सुरू झालेल्या नकाराला पुढे खाऊचे किंवा मोबाइलचे आमिष मिळाले, तर वेदना गेल्यावरही नकार उरतो. म्हणून कारणाचा शोध आरंभीच घेणे इष्ट.

नियम थोडे ठेवावयाचे तर कोणते, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे उत्तर आरोग्यशास्त्र देते. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुतल्यास अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. हा नियम, तसेच रात्री दात घासण्याचा नियम, यांत तडजोड नसावी. उलट टंचाईच्या दिवसांत रोजच्या संपूर्ण स्नानाऐवजी ओल्या फडक्याने अंग पुसणे चालण्याजोगे आहे. सर्वच गोष्टींसाठी लढणारे घर बहुधा आवश्यक गोष्टीतही हरते. अनुकरणाचा विचारही येथे प्रस्तुत आहे. घरातील स्त्री मशेरीने दात घासत असेल, तर मुलाचे बोट त्याच डबीकडे जाणार. ती तंबाखूच असल्याने अनुकरणातून सवयीऐवजी व्यसन पदरात पडण्याचा धोका आहे.

सर्वांत अधिक वापरला जाणारा व सर्वांत अपायकारक उपाय म्हणजे लाजविणे. रोममधील सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली बालगृह उघडल्यानंतर मारिया माँटेसरी ह्यांनी एकदा मुलांना नाक कसे शिंकरावे, रुमाल कसा वापरावा हे शांतपणे दाखविले. पाठ संपताच मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नाकावरून ती आजवर केवळ बोलणी खात आली होती. ते कसे करावे हे कोणी शिकविलेच नव्हते, असा उलगडा माँटेसरींना झाला. महाड तालुक्यात ह्या गोष्टीला आणखी एक अर्थ आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले होते. ‘घाणेरडा’ ह्या शब्दाने माणसाची प्रतवारी करण्याचा इतिहास ज्या भूमीत आहे, तेथे तो शब्द मुलाच्या अंगावरील मळाला लागत नाही, मुलालाच चिकटतो. हात मळलेले आहेत, हे सांगणे निराळे; तू मळका आहेस, हे सांगणे निराळे.

ह्याच्या उलट मार्ग ताराबाई मोडक ह्यांनी दाखविला. १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू करताना त्यांनी मुलांना शाळेत ओढण्याऐवजी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्याने ते कार्य आदिवासी मुलांत वाढले. तेथे अंग धुणे, केस विंचरणे व नखे कापणे हा शिक्षणाचाच भाग होता; प्रवेशाची अट नव्हती. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव गावोगाव नेले. वाडीतील अंगणवाडीत हात धुण्याचा जो क्रम, तोच घरीही ठेवला, तर मुलाला तो व्यक्तीचा हुकूम न वाटता दिवसाचा क्रम वाटतो आणि विरोधाला व्यक्तीच उरत नाही.

ह्या विवेचनाला एक मर्यादा आहे. सर्व प्रयत्नांनंतरही स्पर्श, पाणी किंवा आवाज ह्यांविषयी मुलाला असह्य त्रास होत असेल, बोलणे अथवा नजर देणे मागे पडले असेल, किंवा आलेली सवय अचानक मोडली असेल, तर तो हट्ट समजू नये व वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. एरवी बहुसंख्य मुलांत नकाराचा हा काळ ओसरतो. तो ओसरल्यावर मुलाजवळ स्वतःच्या शरीराची निगा राखण्याचे कौशल्य उरते की त्याच शरीराची लाज, हे त्या दोन वर्षांत मोरीच्या कडेला काय बोलले गेले ह्यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.